भूल, श्वास आणि यंत्राचा अंदाज

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'वैद्यकीय क्षेत्रातली कृत्रिम बुद्धिमत्ता'. एवढा मोठा विषय माझ्याच्याने उचलला जाणार नाही. त्यातला एक लहान कोपरा माझ्या रोजच्या कामाचा आहे, तेवढाच आज तुमच्यापुढे ठेवतो. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन झाल्यावर सर्जनचं नाव सगळ्यांना आठवतं, भूल देणाऱ्याचं कुणालाच आठवत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. आमची तुमची भेट होते तेव्हा पाच मिनिटांत तुम्ही झोपलेले असता.

पण आपली बॅच आता गुडघे, हर्निया आणि पित्ताशयातल्या खड्यांच्या वयात आली आहे. जेवणाच्या रांगेत उभं राहिलो की कानावर पडतंच, अमक्याची तारीख ठरली, तमक्याला डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. त्यामुळे हा कोपरा तुमच्याही कामाचा आहे.

प्रश्न असा आहे: ऑपरेशनच्या आधी रुग्णाचा चेहरा आणि मान पाहून, याच्या श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाणार आहे का, हे संगणकाला सांगता येईल का? आणि सांगता आलं, तर त्याचा उपयोग काय?

आधी नळीबद्दल. पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं की श्वासाचे स्नायूही थांबतात. त्या क्षणापासून रुग्णाचा श्वास आमच्या हातात असतो. लॅरिंगोस्कोप नावाचं, दिवा बसवलेलं एक पातं तोंडातून आत घालून आम्ही जीभ बाजूला सारतो. स्वरतंतू दिसले की त्यांच्या मधून करंगळीएवढ्या जाडीची नळी श्वासनलिकेत सरकवतो. बहुतेक वेळा हे काम मिनिटाच्या आत होतं.

काही जणांत मात्र स्वरतंतू दिसतच नाहीत. कुणाची हनुवटी आत गेलेली असते, कुणाची मान आखूड आणि जाड असते, कुणाचं तोंड पुरेसं उघडत नाही, कुणाचे मानेचे मणके ताठ झालेले असतात. आणि कधीकधी बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण जिभेच्या मुळाशी एखादी गाठ वाढलेली असते.

अशा वेळी हाताशी वेळ किती असतो? झोपवण्याआधी मास्क तोंडावर धरून आम्ही तुम्हाला काही मिनिटं ऑक्सिजन घ्यायला लावतो. ही तुमची शिदोरी. निरोगी, सडपातळ माणसाला ती काही मिनिटं पुरते. लठ्ठ माणसाला, गरोदर बाईला, लहान मुलाला फार लवकर संपते. नळी गेली नाही तरी मास्क आणि पिशवीने हवा देता येते, आणि बहुतेकांची वेळ त्यावर निभावते. नळीही जात नाही आणि मास्कनेही हवा जात नाही, अशी गाठ फार क्वचित पडते. पडली तर मेंदूला इजा व्हायला मोजकी मिनिटं पुरतात. म्हणून आधीच कळावं, अशी आमच्या शास्त्राची जुनी धडपड आहे.

या धडपडीतलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव भारतीय आहे. डॉ. शेषगिरी राव मल्लमपती हे आंध्रातून अमेरिकेत गेलेले भूलतज्ज्ञ, बोस्टनमध्ये काम करणारे. तोंड उघडून जीभ बाहेर काढली की पडजीभ आणि तिच्या बाजूच्या कमानी दिसतात की जिभेआड लपतात, यावरून नळीचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना त्यांनी १९८३ साली एका पत्रातून मांडली. १९८५ साली २१० रुग्णांवर ती तपासून प्रसिद्ध केली. त्यांनी तीन वर्ग केले होते. सॅमसून आणि यंग या दोघांनी १९८७ साली चौथा जोडला. आज जगात कुठेही भूलतज्ज्ञ रुग्णाला 'जीभ काढा' म्हणतो तेव्हा तो मल्लमपतींचीच परीक्षा घेत असतो.

दुसरी परीक्षा डॉ. व्ही. यू. पाटील यांच्या नावाने ओळखली जाते. मान मागे करून हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. साडेसहा सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर बरं. तिसरी, खालच्या दातांनी वरचा ओठ चावून दाखवायचा. आणि चौथी अगदी घरगुती: आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का, ते पाहायचं.

बघा करून. सर, तुम्हीही करा. शाळेच्या सभागृहात एवढ्या लोकांनी एकाच वेळी तोंडात बोटं घातल्याचा प्रसंग याआधी घडला नसेल. ज्यांची तीन बोटं बसत नाहीत त्यांनी घाबरू नका, पण ते लक्षात ठेवा. पुढे त्याचा उल्लेख येणार आहे.

या परीक्षा किती भरवशाच्या? २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने १३३ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. एकूण रुग्ण ८ लाख ४४ हजारांहून जास्त. स्वरतंतू नीट दिसणार नाहीत अशा रुग्णांपैकी, तोंड किती उघडतं एवढ्यावरून २२ टक्के सापडतात. मल्लमपतींच्या परीक्षेने निम्म्याच्या आसपास. ओठ चावण्याच्या परीक्षेने ६७ टक्के, आणि हीच सगळ्यांत वरची. म्हणजे सर्वोत्तम परीक्षाही तिघांतला एक सोडते.

डेन्मार्कमध्ये भुलेच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर जमा केल्या गेल्या. तिथल्या १,८८,०६४ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली आला. नळी घालणं अवघड गेलं ३,३९१ जणांत. त्यातल्या ३,१५४ जणांबद्दल डॉक्टरांना आधी काहीच शंका आलेली नव्हती. म्हणजे ९३ टक्के. उलट बाजूही तशीच. ९२९ जणांबद्दल 'अवघड जाईल' असं डॉक्टरांनी आधी लिहिलं होतं, त्यातल्या फक्त २२९ जणांत ते खरं ठरलं. डेन्मार्कचे डॉक्टर अडाणी नाहीत. बाहेरून मापं घेऊन आतला रस्ता ओळखणं हेच कठीण आहे. आमच्या धंद्यातला हा नम्र करणारा आकडा आहे, आणि संगणकाची गोष्ट इथून सुरू होते.

क्रिस्टोफर कॉनर आणि स्कॉट सीगल या अमेरिकी भूलतज्ज्ञांनी २०११ साली चेहऱ्याच्या छायाचित्रांवरून संगणकाला सोपे आणि अवघड रुग्ण वेगळे करायला लावले. २०१६ साली स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातल्या गटाने ९७० रुग्णांची चित्रं वापरून ही प्रक्रिया पूर्ण स्वयंचलित केली. म्हणजे डोळे, नाक, जबडा, मान यांच्या खुणाही यंत्रानेच शोधायच्या. २०२१ साली जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या गटाने २०२ रुग्णांची, प्रत्येकाची वेगवेगळ्या बाजूंनी आणि स्थितींत १६ चित्रं घेतली आणि हल्लीच्या 'डीप लर्निंग' पद्धतीने यंत्राला शिकवलं. आवाजावरून, मानेच्या एक्स-रेवरून, सीटी स्कॅनवरून असेही प्रयत्न झाले आहेत.

हे शिकवणं म्हणजे काय? आपल्या गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरं असायची. यंत्राला हजारो गणितं आणि त्यांची उत्तरं दिली जातात: हा चेहरा, उत्तर 'सोपं'. हा चेहरा, उत्तर 'अवघड'. रीत कुणी सांगत नाही. यंत्र चुकतं, उत्तर बघतं, आतले आकडे थोडे बदलतं, पुन्हा सोडवतं. शेवटी त्याला न पाहिलेले चेहरे दाखवून परीक्षा घेतात. मल्लमपतींनी काय बघायचं ते सांगितलं होतं. इथे काय बघायचं तेही यंत्र स्वतः ठरवतं. आपल्या डोळ्यांना न जाणवणारं काही त्याला दिसू शकतं, ही त्याची ताकद. नेमकं काय दिसलं ते ते सांगू शकत नाही, ही अडचण.

जपानच्या त्या अभ्यासात यंत्राने अवघड रुग्णांपैकी ८१.८ टक्के ओळखले आणि सोप्या रुग्णांपैकी ८३.३ टक्क्यांना बरोबर 'सोपं' म्हटलं. ऐकायला फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. आता आपण शाळेतल्यासारखं एक गणित करू. डेन्मार्कच्या नोंदीप्रमाणे १००० रुग्णांत साधारण १८ अवघड निघतात. 'अवघड' कशाला म्हणायचं हे दोन्ही अभ्यासांत तंतोतंत सारखं नाही, पण अंदाज यायला हे पुरे. १८ पैकी यंत्र १५ ओळखेल, ३ सुटतील. उरलेले ९८२ सोपे. त्यातल्या १६४ जणांनाही यंत्र 'अवघड' म्हणेल. म्हणजे घंटा वाजली १७९ वेळा, खरी ठरली १५ वेळा. बारा घंटांमागे एक.

बाराला एक हे वाईट आहे का? ते घंटा वाजल्यावर आपण काय करणार यावर आहे. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेलं पातं, तयार ठेवायचं असेल तर बाराला एक हा सौदा उत्तम आहे. पण घंटा वाजली म्हणून ऑपरेशन रद्द करायचं, किंवा घसा बधिर करून रुग्ण जागा असतानाच दुर्बिणीने नळी घालायची ठरवलं, तर अकरा माणसांना उगाच त्रास. आणि जी घंटा सारखी खोटी वाजते तिच्याकडे लोक लक्ष देईनासे होतात. आपल्या शाळेसमोर उभ्या गाड्यांचे अलार्म किती वाजायचे, कुणी खिडकीतून डोकावलं का कधी?

आता पुस्तकाच्या शेवटच्या उत्तरांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. 'अवघड' हे उत्तर लिहितं कोण? नळी घालणारा डॉक्टर. तोच रुग्ण नवशिक्याला अवघड जातो आणि वीस वर्षं काम केलेल्याला सोपा. म्हणजे यंत्र जे शिकतं त्यात रुग्णाचा चेहरा आणि डॉक्टरचा हात यांची भेसळ असते. दुसरं असं की ज्या रुग्णाबद्दल डॉक्टरला आधीच शंका येते त्याच्यासाठी तो पहिल्यापासून चांगलं साधन वापरतो. नळी सहज जाते आणि नोंद होते 'सोपं'. यंत्र तीच नोंद खरी मानून शिकतं. तिसरं, अगदी उघड दिसणारे अवघड रुग्ण, तोंडात मोठी गाठ असलेले, जबडा मोडलेले, अशा अभ्यासांत सहसा घेतलेच जात नाहीत. पुस्तकाच्या मागची उत्तरं अशी छापलेली असतील, तर हुशार विद्यार्थ्यानेही काय करावं?

आणि चौथी गोष्ट आपल्या गावची आहे. घाटकोपरच्या राजावाडीत, विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये, बोरिवलीच्या भगवतीमध्ये बाह्यरुग्ण विभागात बसलात तर दिवसभरात तुम्हाला असा माणूस भेटेलच: तिशी-चाळिशीचा, तब्येतीने ठीक, हर्नियासाठी किंवा अपघातात मोडलेल्या हाडासाठी आलेला. चेहरा छान, हनुवटी व्यवस्थित, मान लांब. तोंड उघडायला सांगितलं की जेमतेम दीड बोट. वर्षानुवर्षं गुटखा, सुपारी, मावा. गालांच्या आतलं अस्तर पांढरं, दोरखंडासारखं ताठ झालेलं. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. भारतात या आजाराचं सुरुवातीचं वर्णन करणारे डॉक्टरही मुंबईचेच, डॉ. जोशी, १९५३ सालचे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी किती पाळली जाते हे स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर दिसतंच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातला जवळजवळ दर चौथा प्रौढ माणूस धूर नसलेला तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात खात होता.

आता जपानचा अभ्यास आठवा. १६ चित्रांपैकी सर्वांत चांगला निकाल देणारं चित्र कोणतं होतं? रुग्ण उताणा झोपलेला, बाजूने काढलेलं आणि तोंड मिटलेलं. जपानी रुग्णांसाठी ते बरोबरच असणार. पण आपल्या गुटखा खाणाऱ्या माणसाचं तोंड मिटलेलं असताना त्यात अवघड काहीच दिसत नाही. यामागातामध्ये शिकलेलं यंत्र तसंच उचलून घाटकोपरला आणलं, तर त्याची नजर नेमकी आपल्या रोगावरच पडणार नाही. यंत्राला आपले चेहरे, आपली तोंडं दाखवावी लागतील, तीही उघडी.

ही भीती कल्पनेतली नाही. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं, आठवतं ना? २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की हे यंत्र काळ्या वर्णाच्या रुग्णांत ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, आणि शरीरात ऑक्सिजन कमी असूनही यंत्र 'ठीक' म्हणतं असं त्यांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा घडतं. इतकी वर्षं वापरात असलेल्या साध्या यंत्राची ही कथा. ज्यांच्यावर यंत्र घडवलं त्यांच्यासाठी ते चांगलं चालतं.

आपल्याकडे या विषयाचं मोठं विद्यापीठ म्हणजे परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय. १९४१ पासून तोंडाच्या, जिभेच्या, स्वरयंत्राच्या कर्करोगाचे रुग्ण देशभरातून तिथे येतात. तिथल्या भूलतज्ज्ञांइतके अवघड श्वासमार्ग जगात फार थोड्या लोकांनी पाहिले असतील. अवघड नळीबद्दल भारतासाठी खास मार्गदर्शक सूचना ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ साली प्रसिद्ध केल्या. प्रौढांमध्ये नळी अचानक अवघड निघाली तर काय करायचं, या सूचनांच्या प्रमुख लेखिका टाटा मेमोरियलच्या डॉ. शीला नैनन मायत्रा आहेत. त्या सूचना ऐकण्यासारख्या आहेत. प्रयत्न चालू असताना नाकातून ऑक्सिजन सुरूच ठेवायचा. नळीचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न, तेही ऑक्सिजनचं प्रमाण ९५ टक्के किंवा वर असेल तरच. नाही जमलं तर घशात बसणारा मास्क, त्याचे दोन प्रयत्न. तेही नाही जमलं तर तोंडावरचा मास्क. आणि काहीच चालत नसेल तर वेळ न घालवता गळ्यातून समोरून वाट करायची. मदतीला लवकर हाक मारायची. आणि सगळं निभावल्यावर रुग्णाला ते लेखी द्यायचं.

या सूचनांत भाकित नाही, तयारी आहे. त्यामागे कडू अनुभव आहेत. २००५ साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली नावाच्या ३७ वर्षांच्या बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी गेल्या. भूल दिल्यावर मास्कने हवा जाईना, नळीही जाईना. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, साधनंही होती. एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचं साहित्य आणून ठेवलं होतं. पण नळीचे प्रयत्नच चालू राहिले, वेळेचं भान सुटलं, आणि त्या बाई वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन विमानाचे पायलट. त्यांनी सूड मागितला नाही, विचारलं एवढंच की विमानात असं घडलं असतं तर आम्ही काय शिकलो असतो? त्यांच्या पाठपुराव्यातून जगभरच्या भूलतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात बदल झाले. या प्रसंगात भाकित बरोबर आलं असतं तरी थांबायचं कधी, हे कुणीतरी मोठ्याने म्हणायलाच हवं होतं.

डेन्मार्कमध्येच आणखी एक प्रयोग झाला. काही रुग्णालयांत प्रत्येक रुग्णाला ठरावीक पद्धतीने गुण देऊन धोका मोजायचा, बाकीच्यांत डॉक्टरांनी नेहमीसारखं ठरवायचं. २०१६ साली निकाल आला. अनपेक्षित अवघड नळीचं प्रमाण गुण देणाऱ्यांकडे २.३८ टक्के, न देणाऱ्यांकडे २.३९. फरक शून्य. कागदावर आकडा आला म्हणून पुढचं आपोआप घडत नाही. संगणकाचा आकडाही आकडाच.

मग या यंत्राचा उपयोग कुठे? माझ्या मते मोठ्या रुग्णालयापेक्षा आपल्या उपनगरांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत इमारतींच्या पहिल्या मजल्यावर दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम्स आहेत. तुमच्यातल्या अनेकांची मुलं तिथेच जन्मली. तिथला भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतो. सकाळी सातला एका ठिकाणी, अकराला दुसऱ्या, मध्ये एस. व्ही. रोडचा किंवा एलबीएसचा ट्रॅफिक. सामानाची बॅग त्याच्या गाडीत. रुग्णाला तो पहिल्यांदा पाहतो तो ऑपरेशनच्या दिवशी, बऱ्याचदा थिएटरच्या दारात. रुग्ण उपाशी, नातेवाईक बाहेर बसलेले, सर्जन हात धुतोय. त्या वेळी तोंड दीड बोटच उघडतं हे कळलं, तर ते खरं असलं तरी फार उशिरा कळलेलं असतं.

तेच आदल्या दिवशी कळलं तर? नर्सिंग होममधल्या सिस्टरने ठरावीक पद्धतीने चार चित्रं काढली, समोरून, बाजूने, तोंड उघडून, मान मागे करून, आणि यंत्राने पिवळा दिवा दाखवला. भूलतज्ज्ञ फोन करून दोन प्रश्न विचारेल. बॅगेत व्हिडिओ लॅरिंगोस्कोप टाकेल. एका सहकाऱ्याला सांगून ठेवेल, अकराला मोकळा राहा. किंवा सर्जनला म्हणेल, हे ऑपरेशन कमरेतल्या इंजेक्शनवर करू, अथवा हा रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवू. यंत्राने इथे निर्णय घेतलेला नाही. त्याने एक दिवस मिळवून दिला. माझ्यासाठी या सगळ्या संशोधनाचं मोल त्या एका दिवसात आहे. बारा घंटांमागे एक खरी असली तरी मी ते यंत्र घेईन, कारण आदल्या दिवशीचा एक फोन फुकट असतो.

एक अट मात्र आहे. चेहऱ्याचं चित्र ही रुग्णाची ओळख आहे. रक्ताच्या रिपोर्टवरचं नाव झाकता येतं, चेहरा झाकला तर यंत्राला काही दिसत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, आणि आयसीएमआरने त्याच वर्षी वैद्यकीय एआयसाठी नैतिक सूचना काढल्या. रुग्णाची संमती, माहितीची सुरक्षितता आणि शेवटची जबाबदारी माणसाची, हे त्यांचं सार. सिस्टरच्या स्वतःच्या मोबाइलवर काढलेलं आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरणारं चित्र या अटीत बसत नाही. आपल्या बॅचमध्ये संगणकातली किती मंडळी आहेत! हे काम तुमचं आहे. आमच्यासारख्या डॉक्टरांना ते जमणार नाही, आणि तुम्हालाही आमच्याशिवाय पुस्तकामागची उत्तरं नीट लिहिता येणार नाहीत. मुंबईच्या उपनगरांतल्या तोंडांची, रीतसर संमतीने घेतलेली, नीट नोंदवलेली माहिती कुणी जमवायला घेतली, तर मी पहिल्या दिवशी हजर राहीन.

तोवर यंत्राची वाट बघू नका. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी भेटायचं आहे, असं सर्जनला स्पष्ट सांगा. आणि भेटल्यावर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा:

तीन बोटं तोंडात बसत नसतील तर. गुटखा, सुपारी, तंबाखू किती वर्षं खाल्ला, आणि ते सांगताना बायको बाजूला असली तरी खरं सांगा. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे मात्र बायकोला किंवा नवऱ्यालाच सांगू द्या. हलणारे दात, कवळी, कॅप. मानेचं दुखणं किंवा मानेला पूर्वी दिलेली रेडिएशन. मधुमेहाची किंवा वजन कमी करण्याची हल्लीची इंजेक्शनं घेत असाल तर, कारण त्यांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. दाढी असेल तर तीही सांगा, म्हणजे डॉक्टरने फोनवर विचारलं तर. आत गेलेली हनुवटी दाढीत छान लपते आणि मास्कही नीट बसत नाही.

सर्वांत महत्त्वाचं: पूर्वी कधी भूल देताना नळीचा त्रास झाला होता का? ऑपरेशननंतर कुणी तसं सांगितलं असेल, घसा फार दिवस दुखला असेल, दात तुटला असेल, तर त्या रुग्णालयातून ते लेखी मागून घ्या. तो कागद आधारकार्डासारखा जपा आणि घरच्यांना कुठे ठेवलाय ते सांगून ठेवा. अवघड नळीचं आजवरचं सर्वांत भरवशाचं भाकित कुठल्याही यंत्राने केलेलं नाही. 'मागच्या वेळी अवघड गेली होती' या एका ओळीइतकं बोलकं दुसरं काही नाही, आणि ती ओळ फक्त तुमच्याकडे असते.

आपल्या शास्त्राच्या बाई प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान या दोन रकान्यांत रेघ मारून घ्यायच्या, आणि निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिलं तर वही परत यायची. यंत्राने सांगितलं ते अनुमान. तुम्ही तोंड उघडून दाखवलं ते निरीक्षण. बाई इथे समोर बसल्या आहेत म्हणून सांगतो, ती रेघ आम्ही अजून पाळतो.

जेवणानंतर मी मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ उभा असेन. ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे त्यांनी यावं, रिपोर्ट घेऊन. ज्यांची तीन बोटं बसली नाहीत त्यांनी आधी यावं.